तुम्ही ती बाटली दिली नाहीत

मेडिकलवाल्या ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या रात्री मला तुमचा फार राग आला होता, हे आधी सांगून टाकते. फेब्रुवारीचा शेवट होता, मसाल्याचा सीझन नुकताच लागला होता. तुम्ही शटर अर्धं ओढलं होतं आणि मी पेठ रोडकडून घाईघाईने आले होते, कारण घरातली बाटली संपली होती आणि तिच्याशिवाय रात्र काढायची मला भीती वाटत होती. ‘नेहमीचे नाकाचे ड्रॉप द्या’ म्हटलं. तुम्ही बाटली काढून काउंटरवर ठेवलीत, पण हात तिच्यावरून उचलला नाहीत. विचारलंत, “काकू, ही कितवी?”

मला सांगता आलं नाही. एक तुमच्याकडून, एक पंचवटी कारंजावरच्या दुकानातून, एक मुलाला पाठवून, असं दीड वर्ष चाललं होतं.

आमचा मसाला कांडपाचा व्यवसाय तुम्हाला माहीत आहे. मिरचीचा खकाणा दिवसभर नाकातोंडात जातो, त्यामुळे माझं नाक गळायला लागलं तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. मलाही नाही. पण खाली वाकून पोतं उचललं की गालांत आणि कपाळात ठणका बसायचा, घट्ट पिवळं घशात उतरत राहायचं, आणि हळूहळू वास गेला. मसाला करणाऱ्या बाईचा वास गेला, ताई. तीस वर्षं मी खोबरं भाजताना घड्याळ पाहिलेलं नाही, नाकानेच कढई उतरवली. आणि एके दिवशी एक जुनी गिऱ्हाईक काळा मसाल्याचा डबा परत घेऊन आली, “खोबरं करपलंय हो.” मला कळलंच नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक घाणा सुनेला हुंगायला द्यायचे, आणि का ते तिला सांगायचे नाही.

डॉक्टरकडे गेले नव्हते असं नाही. सुरुवातीला एकांकडे गेले होते. गोळ्या घेतल्या की दुपारी डोळे मिटायचे. चालू डंकाजवळ, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्राजवळ, उभं राहायचं आणि झोप यायची, हे मला परवडणारं नव्हतं. दुसऱ्या गोळीने पोट इतकं बिघडलं की तिसऱ्या दिवशी पाकीट फडताळात टाकलं. परत जाऊन हे सांगावं, असं सुचलंच नाही. ‘मला औषधं सोसत नाहीत’ एवढं ठरवून मोकळी झाले. मग सीझन, मग पाऊस, मग दिवाळी, मग थंडी. निफाडकडून गारठा आला की नाक ठार बंद. शेजारणीने ड्रॉप दिले आणि दोन मिनिटांत श्वास मोकळा झाला. देवच भेटल्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

तुम्ही त्या रात्री बिलाच्या मागच्या बाजूला नाक काढून दाखवलंत. हे औषध सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसवतं म्हणून नाक उघडतं. असर उतरला की त्या पुन्हा फुगतात, आणि रोज घेत राहिलं की आधीपेक्षा जास्त फुगतात. पाच-सात दिवसांच्या वर घ्यायचं हे औषधच नाही. “काकू, आता तुमचं नाक सर्दीने कमी आणि या बाटलीने जास्त बंद होतंय.” मग म्हणालात, “तुमची बीपीची गोळी मीच देते ना दर महिन्याला? या ड्रॉपने बीपीही वाढू शकतं.” दोन्ही औषधं एकाच बाईच्या अंगात जातात, हे दीड वर्षात फक्त तुम्ही पाहिलंत.

आणि मी ‘गोळ्या सोसत नाहीत’ म्हटल्यावर तुम्ही शटर तसंच ठेवून अर्धा तास थांबलात. कोणती गोळी, किती दिवस घेतली, काय झालं, जेवणाआधी की नंतर, सगळं विचारून लिहून काढलंत. पोट बिघडलं ती अँटिबायोटिक मी सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घेत होते. ती जेवणाला बसतानाच घ्यायची असते, हे मला तेव्हा कळलं. ज्या गोळीने झोप यायची तिच्याऐवजी कमी झोप आणणारी दुसरी असते, हेही. कागद माझ्या हातात देऊन म्हणालात, “हा नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नुसतं सोसत नाही म्हणू नका, काय झालं ते सांगा.”

डॉक्टरांनी खरोखर तो कागद आधी वाचला. मग दुर्बीण घालून पाहिलं, सीटी स्कॅन काढला. गालांमागच्या दोन्ही पोकळ्या भरलेल्या. 12 आठवड्यांच्या वर राहिलं की जुनाट म्हणतात, माझी 3 वर्षं झाली होती. ड्रॉप सोडवताना आधी एकाच नाकपुडीचे बंद करायला लावले, ती सुटल्यावर दुसरीचे. ते दहा-बारा दिवस मी उशांना टेकून बसून काढले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

स्प्रे लिहून दिला तेव्हा त्यात स्टिरॉइड आहे ऐकून मी पुन्हा घाबरले. तुम्ही सांगितलंत, तो नाकात लावायचा, मात्रा अगदी थोडी, रक्तात फारसा उतरत नाही. आठवड्याने नाकातून रक्त आलं आणि मी तो बंदच करणार होते, अगदी पूर्वीसारखा. पण या वेळी तुमच्याकडे आले. तुम्ही मला तिथेच मारून दाखवायला लावलात आणि चूक पकडलीत: मी नळी सरळ मधल्या पडद्यावर धरत होते. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा, टोक बाहेरच्या बाजूला, मान जरा खाली, आणि जोरात ओढायचं नाही. डॉक्टरांना विचारून दोन दिवस थांबले, मग तसंच केलं. रक्त पुन्हा आलं नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुते, तेही उकळून गार केलेल्याच पाण्याने. नळाचं पाणी तसंच घ्यायचं नाही, हे तुम्ही तीनदा बजावलं होतं.

मे महिन्यात एका सकाळी मी दगडफूल भाजत होते. कढईतून वास आला. अंधुक, पण दगडफुलाचाच. सुनेला हाक मारली आणि बोलता येईना. ती घाबरून गॅस बंद करायला धावली.

सगळं बरं झालं असं नाही. त्रिफळाचा वास येतो, खसखशीचा अजून येत नाही. ऑपरेशन लागेल की नाही ते पुढच्या तपासणीत ठरेल. कांडपाला आता मास्क लावते आणि सुनेलाही लावायला लावते. बीपी खाली आलंय, डॉक्टर खूश आहेत.

त्या रात्री एक बाटली विकून शटर ओढणं तुम्हाला सोपं होतं, ताई. तुम्ही गिऱ्हाईक नाराज केलंत आणि मला वाचवलंत. तुमचे मनापासून आभार.

शनिवारी माझी जाऊ येईल, मखमलाबाद नाक्यावर राहते. तीही ते ड्रॉप घेते, मला परवाच कळलं. तुमच्याकडे मुद्दाम पाठवतेय. तिलाही विचारा, कितवी म्हणून.

तुमची,
मसालेवाली काकू
पंचवटी, नाशिक