डिस्क गेली, काम गेले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, म्हणजे अवकाश-काळातल्या अतिसूक्ष्म तरंगांचा (गुरुत्वीय लहरींचा) वेध घेणारी, वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. इकडे या प्रकल्पाचा विषय निघाला की बोलणे जमीन, रस्ते आणि नोकऱ्यांवरच येऊन थांबते. पण अमेरिकेतल्या लायगोच्या वेधशाळांची माहिती आजही वसमतच्या आमच्या वाचनालयातल्या एका साध्या संगणकावर तपासली जाते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या संगणकाची हार्ड डिस्क नुकतीच गेली. ‘आता ते विज्ञानाचे खूळ बंद करा, एवढे केलेले सगळे पाण्यात गेले’, असे कार्यकारी मंडळाच्या बैठकीत म्हटले गेले. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण तो समज चुकीचा आहे आणि इतर संस्थांतही तो असणार, म्हणून हे पत्र.

आधी थोडी ओळख. ‘बॉइंक’ नावाची मोफत प्रणाली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी तयार केली. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संदेश शोधणारा ‘सेटी ॲट होम’ प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, तो पुढे याच प्रणालीवर चालला आणि मार्च २०२० मध्ये त्याने नवे काम वाटणे थांबवले. आम्ही चालवतो तो ‘आइन्स्टाइन ॲट होम’. लायगोच्या माहितीत, सतत फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांकडून (मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरलेल्या अतिघन गाभ्यांकडून) येणाऱ्या क्षीण गुरुत्वीय लहरी तो शोधतो. अशी सतत येणारी लहर अजून कुणालाच सापडलेली नाही. मात्र रेडिओ दुर्बिणींच्या आणि फर्मी उपग्रहाच्या माहितीतून याच प्रकल्पाने डझनावारी पल्सर, म्हणजे ठरावीक लयीत स्पंद पाठवणारे न्यूट्रॉन तारे, शोधून काढले आहेत. संगणक रिकामा असला की बॉइंक कामाचा एक तुकडा उतरवून घेते, गणित करते आणि उत्तर परत पाठवते.

आता ‘पाण्यात गेले’ याबद्दल. पाठवलेले प्रत्येक उत्तर त्याच वेळी प्रकल्पाच्या सर्व्हरवर जमा होते, आपल्या डिस्कवर त्याचे काही राहत नाही. डिस्कबरोबर जातात ते अर्धवट झालेले तुकडे. त्यांचीही सोय आधीच केलेली असते. एकच तुकडा साधारणपणे दोन वेगवेगळ्या संगणकांना दिला जातो, दोघांची उत्तरे जुळली तरच ती ग्राह्य धरतात आणि मुदतीत उत्तर आले नाही तर तो तुकडा तिसऱ्याकडे जातो. ही मुदत बहुधा दोन आठवड्यांची असते. २०१० मध्ये या प्रकल्पाचा पहिला रेडिओ पल्सर सापडला. अरेसिबो दुर्बिणीच्या माहितीत दडलेला तो तारा सेकंदाला सुमारे ४१ वेळा स्वतःभोवती फिरतो. त्याचे श्रेय अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले एक दांपत्य आणि जर्मनीतल्या माइन्त्झ शहरातले एक गृहस्थ यांना विभागून मिळाले, कारण दोघांच्याही संगणकांवर तो दिसला होता. हजारो घरांतली यंत्रे केव्हाही बंद पडणार, वीज जाणार, डिस्क मरणार, हे धरूनच ही सगळी रचना केली आहे. आमच्यासारख्या भारनियमनाच्या गावाला याहून सोयीचे विज्ञान कोणते?

प्रत्यक्षात जीव टांगणीला लागला तो वाचनालयाच्या सभासद नोंदींसाठी. त्या त्याच डिस्कवर होत्या. दुरुस्तीवाल्याने ‘संगणक जुना झाला, नवाच घ्या’ एवढे सांगून हात वर केले. डिस्कमधून टकटक आवाज येत होता आणि तिच्या आरोग्य-तपासणीच्या अहवालात ‘पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे धड वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा वाढत चालला होता. अशा वेळी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून फायली उघडत बसणे सर्वांत घातक. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम लावला. तो आधी धड वाचता येणारा भाग भराभर दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, अडलेल्या जागा एका नकाशाच्या फाइलीत टिपून ठेवतो आणि मग त्या जागांकडे सावकाश परत वळतो. मध्येच वीज गेली तरी त्या फाइलीवरून काम पुढे चालू करता येते. सभासद नोंदवही जशीच्या तशी मिळाली. त्या मुलीचे कौतुक बैठकीच्या इतिवृत्तात यायला हवे होते.

जुन्या संगणकात एसएसडी (फिरते भाग नसलेली नवी डिस्क) बसवून बॉइंक पुन्हा लावणे हा त्या मानाने किरकोळ भाग होता. पूर्वीचाच ईमेल आणि पासवर्ड दिला की खाते जोडले जाते, केलेल्या कामाबद्दल मिळालेले आजवरचे गुण जागच्या जागी असतात. संकेतस्थळावर तोच संगणक जुना आणि नवा असा दोनदा दिसू लागला, तर त्या नोंदी तिथेच एकत्र करता येतात. एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. कित्येक महिन्यांपूर्वीचा बॉइंकचा अख्खा फोल्डर कुणी बॅकअप म्हणून परत टाकू नये. त्यातल्या तुकड्यांची मुदत केव्हाच टळलेली असते आणि संगणक आपला शिळेच गणित करत बसतो. तोच फोल्डर दोन संगणकांवर एकाच वेळी चालवणे तर त्याहून वाईट, सर्व्हरचा पुरता गोंधळ उडतो. खात्याची माहिती आणि सेटिंग जपावे, काम नव्याने येऊ द्यावे.

विजेचा प्रश्न मंडळात निघाला, तो रास्त आहे. शंभर वॅट घेणारा संगणक दहा तास चालला की एक युनिट होते. म्हणून आम्ही प्रोसेसरचे निम्मेच गाभे (कोअर) वापरायला दिले आहेत, वाचनालयाच्या वेळेतच काम चालते आणि एप्रिल-मे मध्ये, पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा, ते पूर्ण थांबवतो. डिस्कवर सारखे लिहिले जाऊ नये म्हणून अर्धवट काम जतन करण्यातले अंतरही वाढवले आहे. हे सर्व बॉइंकच्या सेटिंगमध्येच करता येते.

शाळांच्या संगणक कक्षांत धूळ खात पडलेली यंत्रे निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या वस्तूंच्या, यादीत जाताना मी नोकरीत असताना पाहिली आहेत. त्यांतली कितीतरी नुसत्या डिस्कपायी गेली, मदरबोर्ड आणि प्रोसेसर ठणठणीत असताना. ज्या जिल्ह्यात उद्या जगभरचे शास्त्रज्ञ येणार, तिथल्या मुलांनी खराब डिस्कवरून माहिती कशी सोडवावी आणि बंद पडलेला संगणक पुन्हा जगाच्या कामाला कसा जोडावा, हे दहावीच्या आत स्वतःच्या हाताने केलेले असावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. पुण्याच्या आयुकासारख्या खगोलशास्त्र संशोधन संस्थेने आणि लायगो-इंडियाच्या मंडळींनी इथल्या शाळांसाठी याची एखादी कार्यशाळा घ्यावी.

संस्थाचालकांना विनंती एवढीच: निर्लेखनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी डिस्क बदलून पाहा. बॉइंकचे खाते कुणा एका शिक्षकाच्या नव्हे, संस्थेच्या ईमेलवर उघडा, म्हणजे बदली झाली तरी ते चालू राहील. आणि सभासदांचे किंवा विद्यार्थ्यांचे पत्ते, फोन नंबर असलेली जुनी डिस्क तशीच भंगारवाल्याला देऊ नका. आधी ती फोडा.

आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका,
वसमत, जि. हिंगोली