बायकांच्या श्रमाची नोंद घ्यायला लावणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावरच्या आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेत तुम्ही स्त्री-पुरुष समानतेचे प्रशिक्षण घेतलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खासगी न ठेवता सर्वांसमोर ठेवते आहे, कारण या आभारांत माझ्यासोबत मासळी विकणाऱ्या, जाळी शिवणाऱ्या आणि होडी वल्हवणाऱ्या साऱ्याजणी आहेत. शिवाय माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी, मांजरा या धरणांवर पोट भरणाऱ्या कुटुंबांतील बायकांपर्यंतही ही गोष्ट पोचावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मासेमारीतील बाई म्हटले की महाराष्ट्राला मुंबई-कोकणच्या बाजारात बसलेली कोळीण आठवते. १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या पाण्यावर जगणाऱ्या आमच्यासारख्या घरांतील बाई कुणाच्या नजरेसमोर येत नाही, आणि म्हणून तिच्यासाठी कुणी प्रशिक्षणही आखत नाही. तुम्ही समुद्रकाठची उदाहरणे जशीच्या तशी आमच्यापुढे ठेवली नाहीत. आधी पहाटे आमच्याबरोबर काठावर येऊन उभ्या राहिलात, रोहू, कटला, मृगळ यांची निवड कशी होते, चिलापीला भाव कमी का मिळतो, उन्हाळ्यात पाणी उतरले की गाळातून होडीपर्यंत किती लांब जावे लागते, हे सारे पाहिलेत, विचारलेत, आणि मगच बोललात.

पुरुषांचा एक आणि बायकांचा एक असे दोन गट करून तुम्ही मोठ्या कागदांवर दिवसभराच्या कामाचे घड्याळ काढायला लावलेत. पुरुषांच्या कागदावर संध्याकाळी जाळी टाकणे, पहाटे ती उचलणे, मासळी काट्यावर घालणे आणि दुपारची विश्रांती असे मोजके टप्पे आले. बायकांना मात्र कागद पुरेना. पाणी भरणे, भाकरी, मुलांची शाळा, जाळ्यात अडकलेली मासळी सोडवणे, तिची निवड, बर्फ, पाटी डोक्यावर घेऊन आठवडी बाजार गाठणे, विक्री, उधारीची वसुली, पुन्हा चूल, आणि दिवे लागल्यावर फाटलेल्या जाळ्याची शिवण. दोन्ही कागद भिंतीवर शेजारी लागले तेव्हा तुम्ही एकही शेरा मारला नाहीत. यांतली कोणती कामे संस्थेच्या नोंदवहीत येतात, एवढेच विचारलेत. उत्तर सर्वांनाच ठाऊक होते. नोंदवहीत येते ते काट्यावरचे वजन, आणि ते ज्याच्या नावावर पडते तो पुरुष.

माझ्या मते तुमच्या साऱ्या प्रशिक्षणाचा गाभा या एका प्रश्नात होता. समानतेवरची चांगली भाषणे आम्ही महिला दिनाला ऐकतो आणि ऐकून बरेही वाटते. पण नोंदवहीत नाव नसल्याने बाईचे नेमके काय बुडते, हे इतक्या सरळपणे कुणी उलगडून दाखवले नव्हते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये मिळतात. परंतु नवऱ्यासोबत होडीत वल्हे मारणारी बाई कुठल्याच यादीत मच्छीमार म्हणून नोंदलेली नसेल, तर ती बुडाल्यावर तिच्या लेकरांनी कशाच्या आधारे दावा करायचा? महाराष्ट्राच्या सहकार कायद्याने संस्थेच्या समितीवर महिलांसाठी २ जागा राखीव ठेवल्या आहेत. मात्र प्रत्यक्ष जाळे टाकणारा तोच सभासद, असा अर्थ आमच्याकडे वर्षानुवर्षे लावला गेल्यामुळे सभासद बायका बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या, आणि त्या जागांवर कुणाच्या तरी घरातील नाव सहीपुरते लिहिले जात राहिले. आधी सभासदत्व, मग समिती, हा क्रम तुम्ही घालून दिलात आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीने २०१४ मध्ये लहान मच्छीमारांसाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, त्यांची ओळखही तुम्ही करून दिलीत. ती कुणावर बंधनकारक नाहीत, हे तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलेत. तरीही त्यांत नद्या-तलावांतील मासेमारी धरली आहे, मासे धरण्याआधीची आणि नंतरची कामेही या व्यवसायात मोजली आहेत आणि स्त्री-पुरुष समानतेला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, हे कळल्यावर आमच्यातील ज्या वयस्क बायांनी उभ्या आयुष्यात जाळे शिवण्याखेरीज दुसरे काम केले नाही, त्यांना आपले म्हणणे मांडायला आधार मिळाला. पुढच्या सत्रात सर्वांत जास्त प्रश्न त्यांनीच विचारले.

दुष्काळात धरण आटले की आमच्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. तिथे मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. बाईने मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहून गाडीत भरल्या, तरी तिची मजुरी वेगळी निघत नाही. धरणावरची होडी आणि फडातला कोयता या दोन्ही ठिकाणी एकच हिशोब चालतो, हे तुम्ही जोडून दाखवलेत. मला वाटते, मराठवाड्यात हा विषय शिकवणाऱ्या प्रत्येकाने इथूनच सुरुवात करावी.

पुरुषांशी तुम्ही ज्या आदराने वागलात, त्याचे आभार वेगळे मानले पाहिजेत. बाया धरणात उतरल्या तर घर कोण पाहणार, असे एका वडीलधाऱ्या सभासदांनी रागाने विचारले, तेव्हा तुम्ही त्यांना गप्प केले नाहीत. घर आज कोण पाहते आणि ते पाहण्याचा मोबदला कोणाला मिळतो, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेतलेत. रात्रीच्या वाऱ्यात पाण्यावर असणाऱ्या माणसाची भीती, त्याच्या डोक्यावरचे व्यापाऱ्याचे कर्ज, त्यातून येणारी दारू आणि घरातील मारहाण यांबद्दलही बोललात. मात्र भीती किंवा कर्ज हे मारहाणीचे समर्थन होऊ शकत नाही, हे ठामपणे सांगितलेत. अशी चर्चा आमच्या समाजमंदिरात मी यापूर्वी ऐकली नव्हती.

बाजारात बायकांना सहन करावे लागणारे अश्लील बोलणे आणि अंगचटीला येणे यावरचे सत्र छोटे होते, पण उपयोगी होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या आणि असंघटित क्षेत्रातील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते आणि ती साधारणपणे ३ महिन्यांच्या आत करावी लागते, ही माहिती आता आमच्या प्रत्येक बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवली जाते.

मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिलेला ६० टक्के अनुदान मिळते, त्यामुळे बर्फपेटीची दुचाकी बायकोच्या नावाने घेण्याकडे कल असतो. गाडी कागदावर कोणाची आणि किल्ली कोणाच्या खिशात, हा तुमचा प्रश्न अजून आमच्यात घुमतो आहे. काहीजणी गाडी चालवायला शिकत आहेत. काही घरांत यावरून भांडणेही झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंशी बोलायला तुम्ही फोनवर उपलब्ध राहिलात, हे तुमचे आमच्यावर मोठे उपकार आहेत.

जाळी शिवणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या बायकांना सभासद करून घेण्याचा विषय सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे. विरोध आहे, पण पाठिंबा देणाऱ्यांत पुरुषही आहेत. अर्ज भरून तयार आहेत आणि कामाचा पुरावा म्हणून तुम्ही सुचवल्याप्रमाणे बाजारातील विक्रीच्या नोंदी आम्ही जोडल्या आहेत. सभेच्या आधी पोटनियमांवर एकदा नजर टाकण्यासाठी आणि होडीवर नव्याने जाऊ लागलेल्या तरुण मुलांसाठी असेच एक प्रशिक्षण घेण्यासाठी तुम्ही पुन्हा यावे, अशी संस्थेतील आम्हा सर्वजणींची विनंती आहे. मुक्कामाची सोय माझ्या घरी आहे.

आपली कृतज्ञ,
नाथसागराच्या काठावरील एक मासळी विक्रेती
तालुका पैठण