लसणाचा गड्डा आणि कोंबडीचा लोफ

कोलंबस, ओहायो
20 जानेवारी

तीर्थरूप आईस,

वैशालीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. बाहेर गुडघाभर बर्फ साचले आहे आणि तिकडे सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतले होम मैदानावरचे पाळणे अजून फिरत असतील, या विचाराने गेले आठ दिवस जीव थाऱ्यावर नव्हता. हे पत्र खरे तर दोन आठवड्यांपूर्वीच लिहून झाले असते. परंतु यात्रेच्या दिवसांत आपल्या घरात मांसाहाराचे नावही निघत नाही हे ध्यानात ठेवून अक्षता सोहळा आणि होमप्रदीपन पार पडेपर्यंत मी थांबले. नेहमीप्रमाणे पत्राच्या माथ्यावर ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ लिहिले होते, पण खाली कोंबडीच्या खिम्याची कृती यायची म्हटल्यावर तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला.

पत्राचे कारण बाबा. कवळी बसवल्यापासून मटण चावत नाही, कडक भाकरी आमटीत कुस्करून घ्यावी लागते, आणि रविवारी सगळे रस्सा ओरपत असताना आपण नुसता भात कालवायचा याचा त्यांना राग येतो, असे वहिनींनी फोनवर सांगितले. तेव्हापासून डोक्यात एकच विषय होता, की मांसाहार असेल पण दातांना त्रास नसेल असा पदार्थ कोणता. मी केलेला हा लोफ त्यात बसतो. येथे त्याला मीटलोफ म्हणतात. म्हणजे खिमा मळून, पावाच्या लादीसारखा लांबट आकार देऊन, साच्यात घालून ओव्हनमध्ये भाजायचा आणि मग सुरीने जाड काप काढायचे. मूळ पदार्थ गाईच्या किंवा डुकराच्या मांसाचा असतो. आपल्याकरिता मी कोंबडीचा, लसूण आणि चीज घालून केला.

पहिला प्रयत्न मात्र सांगण्यासारखा नाही, तरी सांगते. कृतीत 180 अंश लिहिलेले होते. मीही ओव्हनवर 180 लावून निवांत बसले. तासाभराने दार उघडले तर खिमा नुसता कोमट, वरून ओलसर आणि आत गुलाबी. कृती सेल्सियसमधली होती आणि येथील ओव्हन फॅरनहाइटवर चालतो. त्याचे 180 म्हणजे जेमतेम 82 अंश सेल्सियस. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या तुझ्या मुलीला हे कळायला एक तास लागला. रागाच्या भरात मी 400 लावले आणि जे बाहेर आले ते पाहून जावयांनी शांतपणे विचारले, की ही वीट कंपाउंडच्या भिंतीला वापरायची काय. त्यातच मी तो खिमा भाकरीच्या पिठासारखा तळहाताने रगडून मळला होता. मीठ घातलेला खिमा जास्त मळला की चिकट होतो आणि भाजल्यावर रबरासारखा ताणतो. शीक कबाब सळईला धरून राहावा म्हणून ते चालते, या पदार्थाला चालत नाही.

यानंतर शेजारच्या आजीबाईंनी मला हाताशी धरले. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे. 1929 साली येथील शेअरबाजार कोसळला आणि पुढची दहा वर्षे जी महामंदी आली, त्या काळात त्यांची आई थोड्या मांसात शिळा पाव नाहीतर ओट्स मिसळून सहा मुलांना पोटभर जेवू घालत असे. मीटलोफ घरोघरी रुळला तो त्याच दिवसांत. ते ऐकताना मला तू आठवलीस. अर्धा किलो खिमा, खाणारी नऊ तोंडे, आणि तू पंढरपुरी डाळ्याचे कूट मुठीमुठीने घालून कोफ्त्यांची संख्या वाढवीत होतीस. आम्हाला वाटायचे ते चवीसाठी असते.

आता कृती. वहिनींना हे पुढचे सावकाश वाचून दाखव, कारण करणार त्याच आहेत.

दुकानातून आणलेला खिमा छातीच्या मांसाचा असेल तर लोफ कोरडा होतो, कारण त्यात चरबी जवळजवळ नसते. तिकडे कोंबडीवाल्याला मांडीचे मांस हाडे काढून द्यायला सांगावे आणि यंत्रातून एकदाच काढून घ्यावे. दोनदा काढले तर पेस्ट होते. येथे कच्ची कोंबडी धुऊच नये असे सांगतात, कारण नळाखाली धरली की शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. हे वाचून तू कपाळाला हात लावशील ते मला दिसते आहे. तुला धुतल्याशिवाय चैनच पडणार नसेल तर खिमा काढण्यापूर्वी तुकडे हलक्या हाताने धुऊन कोरडे कर आणि नंतर ओटा साबणाने पूस. खिमा झाल्यावर मात्र पाणी लागता कामा नये.

सगळ्यात महत्त्वाचा भाग पावाचा. साधारण 900 ग्रॅम खिम्याला पांढऱ्या पावाचे तीन काप घेऊन, त्यांच्या कडा काढून, अर्धा कप दुधात दहा मिनिटे भिजवावेत आणि हाताने मोडून लापशीसारखे करावेत. खिमा तापला की आक्रसतो आणि त्यातले पाणी पिळून बाहेर टाकतो. मधेमधे ही पावाची लापशी असली की तो घट्ट आवळत नाही, शिवाय सुटलेला रस पाव धरून ठेवतो. पावाऐवजी मी एकदा तुझे पंढरपुरी डाळ्याचे कूट चार चमचे दुधात कालवून घातले. चव खमंग आली आणि काप पक्के पडले, पण बाबांच्या हिशेबाने ते थोडे घट्ट वाटेल. त्यांच्यासाठी पावच बरा.

लसूण मी दोन तऱ्हांनी घालते आणि त्यातच या पदार्थाची गंमत आहे. लसणाचा एक अख्खा गड्डा (आपल्या यात्रेचा नव्हे) घेऊन त्याचा शेंडा सुरीने कापायचा, वरून चमचाभर तेल सोडायचे, फॉइलमध्ये गुंडाळून 400 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे 200 सेल्सियसवर, चाळीस मिनिटे ठेवायचा. बाहेर काढल्यावर गड्डा तळाशी धरून दाबला की एकेक पाकळी तपकिरी लोण्यासारखी सुळकन बाहेर येते, आणि तिला उग्रपणा अजिबात नसतो, उलट गोडसर असते. लसणाचा झणझणीतपणा पाकळी ठेचल्यावर तयार होतो; अख्खी पाकळी भाजली तर तो तयार होण्याआधीच संपतो. मात्र नुसता असा गोड लसूण आपल्या जिभेला पुरत नाही. म्हणून आणखी सहा-सात पाकळ्या खलबत्त्यात ठेचून, एका बारीक चिरलेल्या कांद्याबरोबर तेलात परतून, गार करून त्याही घालते. कच्चा ठेचा घालू नये. जाड लोफच्या पोटात तो नीट शिजत नाही आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ढेकर देत राहतो. तिकडे ओव्हन नाही, तेव्हा गड्डा जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर उलटसुलट भाजावा. साल काळी पडली तरी चालते.

खिमा, पाव, दोन्ही लसूण, कांदा, एक अंडे, मिरपूड, कोथिंबीर आणि सव्वा चमचा मीठ हे बोटांनी हलकेच एकत्र करायचे, मिसळले की थांबायचे. चीजमध्ये मीठ असते हे विसरू नये. कच्चा खिमा चाखता येत नाही, म्हणून सुपारीएवढा गोळा तव्यावर भाजून चव बघावी. तू वड्याच्या पिठाचा पहिला वडा बघतेस तसेच.

चीज येथे दोन प्रकारचे वापरते. चेडर किसून खिम्यातच मिसळते, ते चवीला. मोझरेलाची बोटाएवढी जाड पट्टी मधोमध ठेवते, ती तार सुटावी म्हणून. अर्धा खिमा साच्यात दाबायचा, पट्टी ठेवायची, उरलेला वरून घालून कडा नीट मिटवायच्या. चारही बाजूंनी इंचभर खिमा राहिला नाही तर चीज फट शोधून बाहेर पळते आणि तळाशी करपते. ओव्हन 350 फॅरनहाइट, म्हणजे 177 सेल्सियस, आणि वेळ पन्नास मिनिटे ते एक तास. चाळीस मिनिटांनी वरून टोमॅटो केचपचे चार चमचे, किसलेला गूळ एक चमचा आणि थोडे व्हिनेगर यांचा लेप द्यायचा. आधी दिला तर गूळ जळतो. आजीबाईंच्या लेपात ब्राउन शुगर असते. गूळ माझा, आणि त्यात तू दिलेल्या काळ्या तिखटाचा अर्धा चमचाही माझाच. आजीबाईंनी तो खाऊन पाणी मागितले आणि नंतर दुसरा काप मागितला.

कोंबडी आतपर्यंत 74 अंश सेल्सियसला पोचली पाहिजे. त्यासाठी येथे सुईसारखा तापमापक मिळतो. सुई चीजमध्ये न जाता मांसात जाईल असे पाहावे लागते, नाहीतर आकडा फसवतो. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे त्याला हात लावायचा नाही. लगेच कापला तर रस ताटलीत आणि चोथा पानात, अशी गत होते.

आता तुमच्या घरी करायचा तो प्रकार. हे नुसते अंदाजाने लिहीत नाही. येताना आणलेल्या आपल्या कुकरमध्ये मी गेल्या रविवारी करून पाहिले. अर्धा किलो खिम्याला वरचे सगळे प्रमाण निम्मे, अंडे मात्र एक लहान. केकच्या डब्याला तेल लावून मिश्रण भरावे, वर फॉइल घट्ट बांधावे म्हणजे झाकणाचे पाणी आत ठिबकत नाही, कुकरमध्ये जाळीवर डबा ठेवून, शिट्टी काढून, मध्यम आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे वाफवावे. मधे पाणी आटले नाही ना, ते बघावे. झाल्यावर मधोमध कापून पाहावे; गुलाबी रंग दिसला किंवा रस लालसर आला तर पुन्हा दहा मिनिटे. तिकडे डब्यातले अमूलचे साधे चीज सहज मिळते आणि वाफेच्या प्रकाराला तेच उत्तम, कारण ते प्रक्रिया केलेले असल्याने त्याची तार येत नाही पण ते पातळ होऊन वाहतही नाही. चौकोनी तुकडे करून खिम्यात खोचावेत.

वाफवलेला लोफ दिसायला फिका असतो, हे आधीच सांगून ठेवते. पूर्ण गार करून, जमल्यास रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, बोटभर जाडीचे काप काढावेत आणि तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी लालसर करावेत. लेप तेव्हाच लावावा. ओव्हनमधल्या लोफला जी खरपूस कड येते ती येथे येत नाही, पण आत तो जास्त मऊ राहतो आणि बाबांसाठी आपल्याला तोच हवा आहे. चि. ओंकारला दुसऱ्या दिवशी डब्यात पावाच्या दोन कापांमध्ये घालून देता येईल. सोबत शेंगाचटणी मला फार आवडली. बाबांच्या पानात मात्र ती दह्यात कालवूनच वाढावी, दाण्याचा कण कवळीखाली गेला की सगळा रविवार जातो.

दादाला व वहिनींना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद. माझे एवढेच म्हणणे, की हे पत्र बाबांना वाचून दाखवताना पावाचा भाग गाळावा. पाव हे आजाऱ्याचे खाणे, असे ते गेली चाळीस वर्षे म्हणत आले आहेत. त्यांचा दुसरा काप संपला, की मग सांगावे.

तुझी,
वैशाली