बाई, त्या रात्रीच्या वहीबद्दल

आदरणीय बाई,
ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

हे चारचौघांत लिहितोय, कारण समोर आभार मानायला आलो की तुम्ही "ते राहू दे, वर्गणी भरलीस का?" म्हणून विषय बदलता.

बाबा गेले तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. घर माणसांनी भरलं, पण कुणाला काही सुचेना. तुम्ही आलात, आईजवळ थोडा वेळ नुसत्या बसलात आणि मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही उघडलीत. कबर कोण खणणार, पेटी केवढी, पाळकसाहेब परगावी आहेत तर उपासना कोण चालवणार, घंटा किती वाजता. जालन्याची आत्या पहिल्या एसटीने निघाली तरी पोचायला उशीर होईल, म्हणून वेळ अर्धा तास पुढे ढकललीत. मला एकच विचारलंत, "बाबांना कोणतं गीत आवडायचं?" त्या रात्री मला फक्त रडायचं काम उरलं होतं.

खरं सांगतो, तोवर चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत तुमच्या मागे हसणाऱ्यांत मीही होतो. प्रार्थना करणारे, प्रवचन करणारे, ते आत्मिक. रजिस्टरं सांभाळणाऱ्या बाई म्हणजे कारकुनी, असा माझा हिशेब. दान नेहमी दोघांनी मोजायचं, दोघांनी सह्या करायच्या, हा तुमचा हट्ट मला अविश्वास वाटायचा. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर: "थैली यहूदाकडेही होती, बाळा." (येशूच्या शिष्यांची पैशांची थैली सांभाळणारा आणि त्यातून चोरणारा तो यहूदा.) पुढे बायबलमधलं 2 करिंथ 8 वाचताना दिसलं, यरुशलेमसाठी जमवलेल्या दानाबद्दल कुणी बोट दाखवू नये म्हणून प्रेषित पौलही आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी माणसं पाठवतोय. आणि त्याच यरुशलेमातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत विधवांच्या शिधावाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा पंगतीची सेवा करायला निवडलेल्या सात जणांसाठी अट काय? आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असावेत. वाढप्यांसाठी!

1 करिंथ 12:28 तर मी शंभरदा ऐकलं असेल. रोग बरे करणारे आणि अन्य भाषा बोलणारे यांच्या मध्ये पौलाने व्यवस्था पाहणारेही बसवलेत. तिथला मूळ ग्रीक शब्द कुबेर्नेसिस, म्हणजे सुकाणू धरणं. प्रेषितांच्या कृत्यांच्या 27व्या अध्यायात पौलाच्या जहाजावरच्या तांडेलाला जो शब्द आहे, तो याच्याच घरातला. (त्या तांडेलाचं ऐकलं आणि जहाज फुटलं, हे तुम्ही लगेच काढाल, ठाऊक आहे.) पण सुकाणू धरणारा जहाजाच्या मागच्या टोकाला असतो, बाई. पुढे बघत बसलेल्यांना तो दिसतच नाही.

आठव्या दिवशी तुम्ही पाकीट आणून दिलंत. त्या रात्री मी न मोजता तुमच्या हातात कोंबलेल्या पैशांचा हिशेब, टाचलेल्या पावत्या आणि उरलेले 340 रुपये. तुमच्या रिक्षाभाड्याचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. ते 340 मी खर्च केले नाहीत. चर्चमध्ये पीक अर्पण करायच्या हंगामाच्या सणाला तुमच्याच परसातल्या भोपळ्यावर बोली लावून ते लिलावात घातले, आठवतं? तुम्ही माझ्याकडे न बघताच पावती फाडलीत आणि पुढचा नग पुकारलात.

तुमचा,
कमिटीतल्या शेवटच्या खुर्चीवरचा