मोटेलचा भाव आणि रात्रीचा काउंटर

चि. मंदार, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आवाज चढला, ते सोडून दे. तू अमेरिकेत घेतोयस त्या मोटेलचा, विकणाऱ्याने दिलेला हिशेब पाहिला. 30 खोल्या, सरासरी 55 टक्के भरलेल्या, खोलीचं रात्रीचं सरासरी भाडं 60 डॉलर. वर्षाचा गल्ला साधारण 3,61,350. खर्च जाऊन 1,20,000 उरतात, म्हणून 10 टक्के दराने, म्हणजे ही उरलेली रक्कम किमतीच्या 10 टक्के धरून, किंमत 12 लाख. बेरीज बरोबर आहे, पण रात्रीच्या माणसाचा पगार कुठाय? नवरा-बायको स्वतःच बसतात म्हणून तो खर्चात दिसत नाही. 8 तास, 365 रात्री, तासाला 12 डॉलर धर: 35,040. गाद्या, टीव्ही, खिडकीखालचे एसी बदलायला गल्ल्याचे 4 टक्के: 14,454. उरले 70,506, म्हणजे किंमत जेमतेम 7 लाख. वरचे 5 लाख म्हणजे त्या दोघांची बुडालेली झोप आणि सामानाची झीज. ती विकत घेऊ नकोस.

तू आणि मृण्मयी आळीपाळीने बसणार म्हणतोस. ओवी अजून किती लहान! अण्णांच्या लॉजचं... असो, तो विषय काढणार नव्हते.

एसबीएचं, म्हणजे तिथल्या सरकारच्या लघुउद्योग खात्याच्या हमीचं कर्ज घेतोयस, तेव्हा मूल्यांकनात जमीन, इमारत, सामान आणि अमूर्त मालमत्ता यांचे आकडे वेगळे असायला हवेत. जमिनीला घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी करपात्र उत्पन्नातून मिळणारी वजावट, नाही. इमारतीची किंमत 39 वर्षांत वजा होते, पार्किंगचं डांबर 15, खाटा-गाद्या 5, गुडविल (धंद्याच्या नावलौकिकाची किंमत) 15. म्हणून तुला सामानाचा आकडा मोठा हवा आणि विकणाऱ्याला छोटा, कारण आधी घेतलेल्या घसाऱ्यावरचा कर त्याच्या अंगावर येतो. किमतीची ही वाटणी करारातच लिहून घे; करखात्याचा 8594 हा फॉर्म दोघांनाही भरायचाय, आकडे जुळले पाहिजेत. मात्र वापरलेल्या गाद्यांना नव्याचा भाव लावू नकोस.

पुन्हा मास्तरकी झाली, रागावू नकोस. लहानपणी वहीच्या मागच्या पानावर दुकानाचा जमाखर्च मांडायचास आणि नेमका हातचा विसरायचास. एवढा व्यवहार आपल्या घरात कुणी केला नाही, बाबा सगळ्यांना सांगत फिरतात. मला आपला रात्रीचा काउंटरच दिसतो. महामार्गालगतची जागा, दोन वाजता कोण येईल सांगता येतं का?

विक्रीकर आणि खोलीकराची 3 वर्षांची मासिक विवरणं मागव आणि गल्ल्याशी ताडून बघ. 'रोखीचं वेगळं आहे' म्हणाला, तर त्या रोखीला एक डॉलरही देऊ नकोस.

तुझी,
आई

ता. क. मोटेल एखाद्या साखळीच्या नावाने चालत असेल, तर त्या ब्रँडचा परवाना सहसा आपोआप तुझ्या नावावर होत नाही. नवा अर्ज, नवी फी, वर दुरुस्त्यांची यादी. ती यादी सहीआधी हातात घे आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा कर.