तो चित्रपट आयझेनस्टाइनचा म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल रविवार पुरवणीत सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या 'के विवा मेहिको' या मेक्सिकोत शूट केलेल्या, अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. दिग्दर्शकाने पैसे उडवले न् चित्रपट अर्धवट टाकला, असं लिहून मोकळं कसं होता येतं? शूटिंग लांबलं, ठरलेले २५ हजार डॉलर पुरले नाहीत, पैसे पुरवणारे अमेरिकन लेखक अप्टन सिंक्लेअर आणि त्यांच्या बायकोच्या नाकी नऊ आले, सगळं मान्य. पण १९३२ मध्ये काम बंद पडल्यावर ती रिळं एडिटिंगसाठी आयझेनस्टाइनच्या हातात कधी पडलीच नाहीत, १९४८ मध्ये तो गेला तोपर्यंत नाही, हे एका ओळीत तरी यायला नको का? एडिटिंगमधूनच सिनेमा घडतो असं जन्मभर सांगणाऱ्या माणसाचं फुटेज दुसऱ्यांनी कापलं. आधी हॉलिवूडचा निर्माता सोल लेसरने १९३३ मध्ये 'थंडर ओव्हर मेक्सिको' काढला, मग मेरी सीटनने (सत्यजित रायांचं चरित्र लिहिणाऱ्या त्याच) आपल्या परीने जुळवाजुळव केली, शेवटी १९७९ मध्ये त्याचा जुना सहकारी अलेक्सांद्रोव याने.

मागे आमच्या गावात एका फिल्म क्लबने हाच १९७९ चा चित्रपट दाखवला. सुरुवातीला अलेक्सांद्रोव स्वतः पडद्यावर येऊन हे सगळं कसं राहून गेलं ते सांगतो, तेवढाच भाग आयोजकांनी गाळला, कारण काय तर पाहुणे उशिरा आले आणि हे नुसतं बोलणंच आहे! मी उठून सांगितलं की तेच तर महत्त्वाचं आहे, तर 'काका, बसा, लोकांना पिक्चर बघायचाय'. मग खांद्यापर्यंत जमिनीत पुरलेले ते तिघे मजूर, त्यांच्या डोक्यांवरून दौडवलेले घोडे, हे बघताना अख्खा हॉल गप्प होता. बाहेर पडताना मात्र जो तो म्हणत होता, आयझेनस्टाइन शेवटी शेवटी ढेपाळला. अहो, मेक्सिकोच्या क्रांतीत लढणाऱ्या पुरुषांसोबत फिरणाऱ्या बायकांचा 'सोल्दादेरा' हा भाग शूटच झाला नव्हता! हे त्यांना कोणी सांगितलंच नाही, तर ते दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी झालं तेच काल तुमच्या लेखाने केलं, आणि तुमचे वाचक हॉलमधल्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त.

अजून एक. लेखासोबतचा फोटो आयझेनस्टाइनच्याच आधीच्या 'पोटेमकिन' या चित्रपटातला आहे, जिन्यावरची बाबागाडी. खाली 'मेक्सिकोतील एक दृश्य' छापलंय. निदान याची दुरुस्ती पुढच्या रविवारी पुरवणीतच छापा, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको.

आपला,
एक जुना वाचक