हरभऱ्याला मुळं फुटेनात
संपादक साहेब, केळीच्या टिश्यू कल्चर रोपांबद्दल सगळे बोलतात, हरभऱ्याचं कोणी विचारत नाही. मी लॅबमध्ये त्यावरच काम करते, बीएपी (कोंब फोडणारं सायटोकायनिन गटातलं संप्रेरक) घातलं की बीजपत्राच्या देठाजवळून कोंब भराभर फुटतात, टीडीझेड (त्याच कामाचं, पण जास्त तीव्र रसायन) जरा जास्त झालं की तेच खुजे, गुच्छासारखे राहतात, मग उंची वाढवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडवर टाकून वाढवायचे आणि एवढं करून मुळंच येत नाहीत! आयबीए (मुळं फोडणारं ऑक्झिन गटातलं संप्रेरक) देऊनही बुडाशी नुसता कॅलसचा, म्हणजे आकार नसलेल्या पेशींचा गोळा. शेवटी ब्लेडने पाचर कापून कोवळ्या रोपावर कलम करतो. स्कूग आणि मिलरनी १९५७ मध्ये तंबाखूवर ऑक्झिन-सायटोकायनिनचं गणित मांडलं (ऑक्झिन जास्त तर मुळं, सायटोकायनिन जास्त तर कोंब), पण कडधान्यं हट्टी, वाणागणिक डोस बदलतो. विद्यापीठांनी फसलेले डोसही छापावेत, आमचे महिने वाचतील.
– एक संशोधक विद्यार्थिनी